प्रिन्सेनग्राख्तवरचं जुनं घर: माकेलारला (म्हणजे घरांच्या दलालाला) तीन स्टार, खड्डा खणणाऱ्याला पाच

आधीच सांगते, घर माझं नाही. माझी तेवढी ऐपतही नाही, आम्ही आम्स्टेलवेनला सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मजेत आहोत, लिफ्ट आहे, कढीपत्ता मिळणारं दुकान सायकलने सात मिनिटांवर आहे. घर घेतलंय माझ्या मोठ्या दिरांनी. भाऊजींची सॉफ्टवेअरची कंपनी होती ती त्यांनी विकली आणि पैसे हातात आल्यावर माणूस जे करतो तेच केलं, म्हणजे वीस वर्षं मनात होतं ते घर शोधायला लागले. अॅमस्टरडॅमच्या अगदी मधलं, कालव्यावरचं, सतराव्या शतकातलं, पूर्ण घर. मजला नाही, अपार्टमेंट नाही, पूर्ण. आणि मला डच येतं (चौदा वर्षांत येणार नाही तर काय) म्हणून सव्वा वर्ष मी त्यांची बिनपगारी दुभाषी. प्रत्येक व्हिजिट, प्रत्येक फोन, प्रत्येक रिपोर्ट माझ्या डोळ्याखालून गेलाय, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क माझाच. किंमत विचारू नका, सांगितली तर भाऊजी घरात घेणार नाहीत. युरोत सात आकडी, आणि पहिला आकडा एक नाही, एवढंच.

आधी वस्तू काय आहे ते समजून घ्या, कारण फोटोत दिसते ती ही नाही. १६१३ पासून या गावाने हेरेनग्राख्त, केयझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त असे कालवे खणून त्यांच्या काठाने प्लॉट पाडून विकले. हेरेनग्राख्तवरचा प्लॉट साधारण तीस फूट रुंद, ते पण इथले जुने फूट, म्हणजे साडेआठ मीटर वगैरे. लांबी मात्र मागे बागेपर्यंत भरपूर. बोटीवरचे गाइड छातीठोक सांगतात की दर्शनी रुंदीवर टॅक्स होता म्हणून घरं अरुंद, पण मुळात जमिनीच्या पट्ट्याच तशा कापलेल्या होत्या हो. ज्याच्याकडे पैसा त्याने शेजारशेजारचे दोन घेतले, आणि असे दोनवाले हेरेनग्राख्तच्या ज्या वळणावर एकवटले त्याला सोनेरी वळण म्हणतात, तिथे आता बहुतेक ऑफिसं. घराची रचना पुण्याच्या वाड्यासारखीच वाटली मला, पुढचं घर, मध्ये उजेडासाठी छोटा चौक, मग मागचं घर, मग बाग. फक्त वाडा पसरतो आणि हे वर चढतं.

अशी पूर्ण घरं बाजारात फार येत नाहीत कारण बहुतेकांचे कधीच मजल्यामजल्याने तुकडे पडलेत नाहीतर ऑफिसं झालीत. एक फायदा मात्र मोठा. अॅमस्टरडॅम महापालिका १८९६ पासून जमीन विकत नाही, भाडेपट्ट्याने देते, आणि त्या भाडेपट्ट्याच्या हिशोबाने भल्याभल्यांची झोप उडालीय. पण जुन्या मध्यवर्ती भागात बहुतेक जमीन मालकीची. म्हणजे पायाखालची माती तुमची. माती म्हणण्यासारखं तिथे काही नाही हा भाग वेगळा, त्यावर येतेच.

आता माकेलार. इथे विकणाऱ्याचा वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा माकेलार असतो, घेणाऱ्याच्या माणसाला आनकोपमाकेलार म्हणतात. भाऊजींनी जो धरला त्याचं नाव लिहीत नाही, कारण माणूस वाईट नव्हता, चकचकीत होता. बूट चकचकीत, गाडी इलेक्ट्रिक, ओळखी जबरदस्त. फुंडावर, म्हणजे इथल्या घरविक्रीच्या वेबसाइटवर, यायच्या आधीच दोन घरं त्याने आम्हाला दाखवली, हे त्याचं खरं काम आणि ते त्याने चोख केलं, त्याचेच तीन स्टार. पहिल्या घराला बंद पाकिटातली बोली होती, म्हणजे सगळ्यांनी एका ठरल्या वेळेपर्यंत आपापला आकडा द्यायचा, दुसऱ्याने किती लावले ते कळत नाही. भाऊजींनी तीन रात्री जागून आकडा काढला, आणि हरलो. जाऊबाई आठवडाभर बोलल्या नाहीत कोणाशी. मागच्या बागेत मॅग्नोलिया होता म्हणे. मला तर ते घर अंधारं वाटलं होतं पण तेव्हा तोंड बंद ठेवलं.

दुसऱ्या घरात खरी कथा आहे. केयझर्सग्राख्तवर, दारात पाच पायऱ्या, आत संगमरवराचा लांब बोळ आणि मुख्य दालनाच्या छताला असं काही नक्षीचं प्लास्टर की भाऊजी मान वर करून उभे राहिले ते दहा मिनिटं खाली बघेनात. वीस मिनिटांची व्हिजिट, त्यातली निम्मी छतात गेली. माकेलारने पण ओळखलं की मासा लागला. मी विचारलं फाउंडेशनचं काय, तर हसला आणि म्हणाला साडेतीनशे वर्षं उभं आहे, अजून साडेतीनशे उभं राहील. हे वाक्य कोणीही बोललं की सावध व्हायचं. वेंगुर्ल्याला आमच्या सासरच्या घरापासून थोड्याच अंतरावर डच वखार आहे, याच लोकांच्या पूर्वजांनी सतराव्या शतकात बांधलेली. ती पण उभी होतीच की. लग्नानंतर नवऱ्याने दाखवायला नेलं तेव्हा छप्पर नव्हतं आणि भिंतीतून झाडं आलेली.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आबांना, म्हणजे सासऱ्यांना, फोटो दाखवले. आबांनी आयुष्यभर चिऱ्याची घरं बांधली. छताकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "पायो कसलो?"

भाऊजी म्हणाले, लाकडाच्या खांबांवर आहे आबा, इथे सगळी घरं तशीच.

"लाकडाचो? नि तो पाण्यात? खुळावलात काय रे तुमी?"

आणि खरंच, ऐकायला खुळचट वाटतं पण आहे तसंच. वर दलदल आणि पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची मऊ माती, घट्ट वाळूचा थर साधारण बारा मीटर खाली, म्हणून पाइनचे वगैरे लांब ओंडके त्या वाळूपर्यंत ठोकायचे आणि त्यांच्या डोक्यावर घर. डाम चौकातला राजवाडा १३,६५९ खांबांवर आहे आणि हा आकडा इथल्या पोरांना पाठ असतो, वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक लावा मागे नऊ लावा. गंमत अशी की लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तोवर शतकानुशतकं टिकतं कारण हवा नाही तर बुरशी नाही. भूजल खाली गेलं आणि खांबाचं डोकं उघडं पडलं की कुजायला सुरुवात. कालव्याचं पाणी समुद्राच्या ठरलेल्या पातळीपेक्षा साधारण चाळीस सेंटिमीटर खाली कायम राखतात, पण कालव्यातलं पाणी वेगळं आणि तुमच्या घराखालचं भूजल वेगळं, शेजाऱ्याने तळघर खोल केलं, गटाराचा पाइप फुटून तो पाणी ओढायला लागला, कोरडा उन्हाळा पडला, की तुमच्या खांबाचं डोकं बाहेर. त्यात पाण्याखालीसुद्धा बॅक्टेरिया पाइनला हळूहळू पोखरतातच. म्हणजे आबांचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता आणि आमचा चकचकीत माणूस शंभर टक्के चूक.

विकणाऱ्याकडे फाउंडेशनचा रिपोर्ट होता, पण जुना, आणि नीट वाचला तर एकाच बाजूच्या भिंतीचा. दुसऱ्या बाजूची भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक, तिचं काही नाही. मी हट्ट धरला. माकेलारचं तोंड कडू झालं, म्हणे अशा अटी घालणाऱ्या बोलीला बाजारात कोणी विचारत नाही. भाऊजी पण माझ्यावर जरा वैतागले. शेवटी आबांनी फोनवर काहीतरी सुनावलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तपासणीची अट घालायला तयार झाले.

आता पाच स्टारवाला माणूस. छोटी दोघांची कंपनी, चिखलाचे बूट, बोलणं कमी. पहिल्यांदा नुसता घरात फिरला. पुतण्याच्या खिशातली गोटी मागून घेतली, मागच्या खोलीत जमिनीवर ठेवली आणि सोडली. गोटी पहिल्यांदा विचार केल्यासारखी थांबली मग जी पळाली ती भिंतीला जाऊन आपटली. म्हणाला, याने काही सिद्ध होत नाही, जुनं घर तिरकं असतंच, कधीचं तिरकं आणि अजून तिरकं होतंय का हे महत्त्वाचं. मग बाहेरून विटांच्या आडव्या सांध्यांची रेघ कुठे किती खचलीय ते मोजलं, दारांच्या चौकटी बघितल्या, कापून बसवलेली दारं नवी का जुनी ते बघितलं. नंतरच्या आठवड्यात मागच्या बाजूला भिंतीलगत खड्डा खणला, पाणी उपसत उपसत खांबाच्या डोक्यापर्यंत गेले. एका यंत्राने लाकडात सुई मारून ती किती आत जाते ते मोजतात, आणि लाकडाचा नमुना लॅबला जातो. मला त्याने खाली वाकून बोट लावायला सांगितलं. शिळ्या केकसारखं. सतराव्या शतकातलं लाकूड, आणि नख आत गेलं.

रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ असते, हे फाउंडेशन अजून किमान किती वर्षं चालेल. चांगल्याला पंचवीस वर्षांहून जास्त देतात. आमच्या वाट्याला जे आलं ते वाचून भाऊजींनी छताचे फोटो फोनमधून डिलीट केले. दुरुस्ती होते, अशक्य नाही, तळमजल्याची जमीन फोडायची, आतून लोखंडी नळ्यांचे नवे खांब तुकड्यातुकड्याने दाबत खाली न्यायचे, वर काँक्रीटचा जाड पाट ओतायचा आणि भिंतींत खोबणी पाडून घराचा भार त्या पाटावर घ्यायचा. पण काही महिने घर सोडा, लाखांत युरो मोजा, आणि भिंत सामाईक म्हणजे शेजाऱ्यालाही राजी करा. किंमत कमी करायला विकणारा तयार नव्हता. सोडलं. खड्ड्याचे पैसे गेले ते गेले, पण सव्वा वर्षात खर्च केलेल्या सगळ्या पैशांत तेच सत्कारणी लागले असं मी आजही म्हणते.

तिसरं घर प्रिन्सेनग्राख्तवर, योर्दान नावाच्या वस्तीच्या अंगाला. कमी देखणं. छताला नक्षी नाही, नुसती उघडी तुळई. वरचे दोन मजले पूर्वी गोदाम असणार कारण दारं मधोमध आणि झडपा लाकडी. पण आधीच्या मालकाने सगळ्या भिंतींखालचं फाउंडेशन बदललं होतं आणि ड्रॉइंग, परवानगी, बिलं, सगळं फाइलमध्ये लावून ठेवलेलं. आबांना फाइल दाखवली. आबा म्हणाले, "ह्यां घेवा." बास. एवढाच व्हॅल्युएशन रिपोर्ट.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. जाहिरातीतल्या किमतीपुढे के.के. असतं, म्हणजे वरचा खर्च घेणाऱ्याचा. स्वतः राहणार असाल तर ट्रान्सफर टॅक्स २ टक्के. सही केल्यावर तीन दिवस विचार बदलायची मुभा, त्यानंतर माघार घेतली तर साधारण १० टक्के गेले समजा. करारात एक वयाचं कलम असतं, घर जुनं आहे, नव्याची अपेक्षा ठेवू नका, नंतर काही निघालं तर ते तुमच्या डोक्यावर. ॲस्बेस्टॉसचं वेगळं कलम. शिशाच्या पाण्याच्या पाइपांचं आम्हीच विचारून घेतलं, जुन्या घरांत अजून सापडतात, लहान मुलं असतील तर हे विसरू नका. नोटरीकडे डच नीट येत नसेल तर दुभाष्या लागतो, आणि नाही, भावजय चालत नाही, अधिकृत लागतो. म्हणजे सव्वा वर्ष मी राबले आणि शेवटच्या दिवशी फोटोपुरती.

घर रेइक्समोन्युमेंट आहे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षित वास्तू, अॅमस्टरडॅममध्ये अशा सात हजारांवर आहेत. लोकांना वाटतं फक्त दर्शनी बाजू सांभाळायची. छे. जिना, तुळया, जुनी दारं, काचा, सगळं आलं. खिडक्या एकेरी काचेच्या, जानेवारीत शेजारी उभं राहिलं की कान गार पडतात. दुहेरी काच बसवायला परवानगी, आणि चौकट बारीक असल्यामुळे बसणारी काच पातळ आणि महाग. एनर्जी लेबल मोन्युमेंटला लागत नव्हतं आम्ही घेतलं तेव्हा, भाऊजी खूश झाले, मी म्हटलं लेबल नाही म्हणजे थंडी नाही असं थोडंच आहे. पहिल्या हिवाळ्याचं गॅसचं बिल बघून त्यांनी घरात स्वेटर घालायला सुरुवात केली. चांगली बाजू ही की देखभालीच्या मान्य खर्चावर सरकार ३८ टक्के अनुदान देतं, पूर्वी टॅक्समध्ये सूट होती ती २०१९ पासून गेली आणि हे आलं. शिवाय रेस्टोराटीफॉन्ड्स म्हणून संस्था आहे, ती कमी व्याजाने कर्ज देते. फॉर्म डचमध्ये. अर्थातच मी भरले.

आणि एक टॅक्स कोणी आधी सांगत नाही. स्वतःच्या घरात राहता म्हणून सरकार घराच्या किमतीच्या काही टक्के तुमच्या उत्पन्नात धरतं. साध्या घराला ०.३५ टक्के, कळतही नाही. पण साधारण १३ लाख युरोच्या वरच्या रकमेवर थेट २.३५ टक्के. आमच्या चकचकीत माणसाने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. म्हणून तीनच स्टार, चौथा इथे गेला.

गुंतवणूक म्हणून घेत असाल तर एक गोष्ट ऐका. पीट आइखहोल्ट्झ नावाच्या इथल्या अर्थतज्ज्ञाने हेरेनग्राख्तवरच्या घरांच्या १६२८ ते १९७३ पर्यंतच्या विक्रीच्या किमती गोळा केल्या. जगातल्या सगळ्यात चांगल्या रस्त्यांपैकी एक, साडेतीनशे वर्षं, आणि महागाई वजा केली तर किंमत जेमतेम दुप्पट. मधल्या काळात साथी, युद्धं, मंदी, किमती कितीदा आपटल्या. हे मी भाऊजींना सह्या झाल्यावर सांगितलं, आधी नाही, तेवढी मी शहाणी आहे. पर्यटकांना भाड्याने देऊ असाही एक विचार होता तळघराचा. तेव्हा नियम वर्षाला ३० रात्री, तेही परवाना काढून, आणि त्यातही आणखी कपात करायच्या गोष्टी चालल्या होत्या. विचार तिथेच मेला.

राहायला कसं आहे? जिना म्हणजे शिडीच. दोन्ही हातांनी दोर धरून चढायचं, उतरताना उलटं. सासूबाई उन्हाळ्यात आल्या तेव्हा गुडघ्यांमुळे तीन आठवडे पहिल्या मजल्याच्या वर गेल्याच नाहीत, त्यांना अजून माहीत नाही वर काय आहे. गाडीच्या पार्किंग परमिटची वेटिंग लिस्ट इतकी की भाऊजींनी गाडी विकून मालवाहू सायकल घेतली. समोर बोटघर आहे, त्यातल्या आजोबांशी मैत्री झाली, ते म्हणतात माझं घर बुडालं तर कळेल तरी. दर थोड्या वेळाने पर्यटकांची बोट जाते आणि खिडकीत बसून चहा पिताना चाळीस लोक तुमच्याकडे बघतात. २०२० मध्ये ग्रिमबर्गवालला कालव्याची भिंत पाण्यात कोसळली तेव्हापासून गावभर भिंती दुरुस्त करतायत, जवळपास २०० किलोमीटर बघायच्या आहेत, त्यामुळे आपल्या दारातली पाळी कधी हे खरेदीच्या आधी महापालिकेच्या साइटवर बघून घ्या. आम्ही नंतर बघितलं.

पण संध्याकाळी सात वाजता जूनमध्ये त्या पाण्यावरचा उजेड छतावर हलतो ना, तुळयांवर, तेव्हा मीसुद्धा गप्प बसते.

जाऊबाईंचा सागवानी झोपाळा वेंगुर्ल्याहून कंटेनरने रॉटरडॅमला आला. जिन्यातून पाट वळेना. इथल्या घरांच्या शेंड्याला तुळई बाहेर काढून हूक लावलेला असतो आणि घर मुद्दाम जरा पुढे झुकलेलं बांधतात, सामान दोराने वर ओढताना भिंतीला घासू नये म्हणून. मूव्हर्सनी आधी तुळई तपासून घेतली, मग दोर टाकला, आणि आबांच्या वडिलांनी करून घेतलेला झोपाळा प्रिन्सेनग्राख्तच्या वर हवेत गोल गोल फिरत चढायला लागला. खालून बोट जात होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा व्हिडिओवर होते. म्हणाले, "तेंनी हय येवन वखार बांधल्यानी, आता आमचो झील थय जावन घर घेता." आणि मग लगेच, "सावकाश रे, कडी मोडात."

वर आला. टांगायचा कुठे, तर तुळईला. आर्किटेक्ट म्हणाला जुन्या तुळईत कडी मारायची तर आधी विचारून घ्या. विचारलंय. उत्तर यायचंय. तोवर झोपाळा जमिनीवर आहे, साखळ्या कोपऱ्यात गोणीत, आणि आम्ही सगळे त्याच्यावर पाटासारखे बसून जेवतो. आबा दर रविवारी फोन करतात आणि हॅलोच्या आधी विचारतात, टांगलास?

नाय आबा. अजून नाय.